रोमन नाण्यांचा संग्रह : हौस आणि खबरदारी

रोमन साम्राज्याची नाणी दुर्मिळ आणि म्हणून महाग असतात, ही सर्वसाधारण समजूत फारशी खरी नाही. सोन्याची व उत्तम स्थितीतील चांदीची नाणी वगळता, विशेषतः इसवी सनाच्या चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन व त्याच्या वारसांच्या काळी तांब्याची लहान नाणी इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली आणि डॅन्यूबकाठच्या छावण्यांपासून सीरियापर्यंत इतक्या ठिकाणी मातीत राहिली, की आज युरोपच्या बाजारात त्यांपैकी पुष्कळशी साध्या जेवणाच्या खर्चात मिळतात. या छंदातील बहुतेक फसगत या स्वस्ताईतूनच सुरू होते. कारण नाणे स्वस्त असले, की ते नेमके कोणाचे, कुठून आले आणि खरे आहे काय, हे विचारण्याची गरज ग्राहकाला वाटत नाही आणि विक्रेत्यालाही ते सोयीचेच असते.

नवखा संग्राहक ज्या आमिषाला हमखास भुलतो, ते म्हणजे साफ न केलेल्या, मातीने लडबडलेल्या नाण्यांचा गठ्ठा. जमिनीतून निघाला तसाच हा माल आहे, त्यात काय सापडेल ते सांगता येत नाही, अशी त्याची जाहिरात असते. प्रत्यक्षात खणणारा, गोळा करणारा, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता अशा प्रत्येकाने त्यातील बरे ते आधीच वेचून घेतलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात अशा गठ्ठ्यांतून ओळखू येण्याजोगे जे निघाले, ते बहुधा दोन ठरावीक प्रकारांचे होते : मध्ये ध्वज धरून उभे असलेले दोन सैनिक, किंवा घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूवर भाला उगारलेला सैनिक. उरलेली नाणी गुळगुळीत चकत्याच होत्या. आर्थिक नुकसान येथे किरकोळ आहे. ज्ञानाचे नुकसान मात्र भरून न येणारे आहे, कारण धातुशोधक यंत्राने उपसलेले नाणे ज्या थरात पडले होते, त्या थराचा काळ ठरवण्याचे साधन त्याच क्षणी नष्ट होते.

साफसफाई हा यापुढचा, आणि कदाचित अधिक घातक, टप्पा होय. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या तांब्यावर व काशावर हिरवा, तपकिरी किंवा काळसर असा जो घट्ट थर चढतो, त्याला ‘पॅटिना’ म्हणतात. हा थर मळ नसून धातूचे संरक्षक कवच असतो, आणि झिजलेल्या नाण्यावरील बारीक तपशील पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतो. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने वा लिंबाने लखलखीत करण्याची घरोघर सवय असल्यामुळे हाच उपाय नाण्यावर करून पाहण्याचा मोह मराठी संग्राहकाला विशेष होतो. परंतु आम्लाने तो थर एकदा गेला की खाली खडबडीत, लालसर धातू उघडा पडतो आणि मुद्रालेख, म्हणजे नाण्यावरील अक्षरे, कायमची पुसट होतात. तिसऱ्या शतकातील नाण्यांच्या बाबतीत तर हानी दुप्पट होते. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेली चांदी उतरत उतरत गॅलिएनसच्या काळी, म्हणजे २६० नंतर, पाच टक्क्यांच्याही खाली आली. तेव्हा टाकसाळींनी तांबटसर चकतीला चांदीचे केवळ पातळ पाणी दिले, आणि आम्लाने सर्वांत आधी नेमके तेच पाणी निघून जाते.

मुंबई आणि कोकणपट्टीतील दमट हवेत आणखी एका दोषाकडे लक्ष द्यावे लागते. धातूत राहिलेली क्लोराइडे ओलावा आणि प्राणवायू यांच्या संपर्कात आली की फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांच्या रूपाने धातू आतून पोखरू लागतात. या विकाराला ‘कांस्यरोग’ म्हणतात. ठिपका भुरभुरीत असेल आणि टाचणीच्या टोकाने सहज निघत असेल, तर ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी वारंवार बदलत, दीर्घकाळ बुडवून नंतर पूर्ण सुकवावे. साठवणुकीसाठी पीव्हीसीची मऊ पाकिटे वापरू नयेत, कारण त्यांतून सुटणारे द्रव्य धातूवर हिरवट चिकटा धरते; हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढी तजवीज घरच्या संग्रहाला पुरेशी आहे.

नकली नाण्यांचा विषय विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण नकली म्हटलेल्या सर्व वस्तू एका जातीच्या नसतात. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून रोमन काळातच चलनात खपवलेली नाणी ही प्राचीन लबाडी असून तिचे स्वतंत्र ऐतिहासिक मूल्य आहे. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी दा काव्हिनोने रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडवलेली पदके आज स्वतःच संग्राह्य मानली जातात. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन कारागीर याहून पक्का होता : तो स्वतः ठसे कोरी, कधी झिजलेल्या खऱ्या नाण्यांवरच ते उमटवी, आणि नव्या नाण्यांची चकाकी जावी म्हणून ती लोखंडाच्या किसासह डब्यात घालून घोडागाडीला बांधून फिरवी, असे सांगतात. आजच्या खरेदीदाराचा संबंध येतो तो मात्र बहुतांशी ओतीव नकलांशी. खरे नाणे दोन कोरीव ठशांमध्ये चकती ठेवून हातोड्याने पाडलेले असते, त्यामुळे त्याची अक्षरे धारदार असतात आणि एकाच ठशाच्या दोन नाण्यांचेही काठ सारखे नसतात. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरे साबणासारखी बोथट, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे, कडेला जोडाची रेघ आणि वजनात तफावत आढळते. दोन नाण्यांचे काठ, भेगा आणि ओरखडे तंतोतंत जुळत असतील, तर किमान एक नकली असते. आधुनिक ठशांनी यंत्रात दाबलेल्या नकला भिंगाखाली इतक्या सहज उघड्या पडत नाहीत. तेथे वजनकाटा आणि ग्रंथ हाच आधार राहतो.

खऱ्या नाण्यावर केलेली कलाकुसरही फसवणूकच होय. झिजलेल्या नाण्यावरील केस व दाढी नव्याने कोरणे किंवा वाळूचा पिवळसर लेप चिकटवून खोटी उठावदार ‘वाळवंटी’ छटा आणणे हे प्रकार सर्रास चालतात.

फसगत टाळण्याच्या दृष्टीने आरंभासाठी बायझंटाइन, म्हणजे उत्तरकालीन पूर्व रोमन साम्राज्याची, तांब्याची नाणी अधिक बरी. दिसायला ती ओबडधोबड असतात, आणि पहिल्या शतकातील सम्राटांच्या मुखचित्रांची सर त्यांना नाही. परंतु ४९८ साली सम्राट अनास्तासियसने चलनाची फेररचना केल्यावर नाण्यावर मूल्य ठळक ग्रीक अंकाक्षराने येऊ लागले (म्यू म्हणजे चाळीस, काप्पा म्हणजे वीस), आणि जस्टिनियनने ५३८–३९ पासून राज्यवर्षही घातले, त्यामुळे शहर, कारखान्याचा क्रमांक आणि वर्ष नाण्यावरूनच वाचता येते.

सर्वांत मोठी चूक मात्र नाणे खरे निघाल्यावरही होऊ शकते. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा कागदोपत्री माग नसेल, तर अस्सलपणाही उपयोगी पडत नाही. ज्युलियस सीझरच्या हत्येची तिथी व दोन खंजीर मिरवणारे, त्याचा मारेकरी ब्रूटस याचे सोन्याचे नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना विकले गेले. पूर्वमालकीचा दाखला बनावट ठरल्यावर २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. तुर्कस्तानातून तर बाजारात घेतलेले साधे जुने नाणे खिशात घालून निघणेही गुन्हा आहे, ही गोष्ट पर्यटकांनी विसरू नये.

भारताचा या विषयाशी थेट संबंध आहे. ऑगस्टस व टायबेरियस यांच्या चांदीच्या नाण्यांचे साठे तमिळनाडू व आंध्रात सापडले असून त्यांतील कित्येकांच्या मुखचित्रावर छिन्नीचा घाव आहे. लिलावाच्या याद्या त्याला ‘खराबी’ म्हणतात, पण अभ्यासकाला तो घावच नाण्याच्या भारतातील वास्तव्याचा पुरावा वाटतो. शेतात असा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशस्थ नातलगाला भेट म्हणून असे नाणे पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिले नाणे घेण्यापूर्वी नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेला एक भेट द्यावी, परमेश्वरीलाल गुप्त यांचे आंध्रातील रोमन नाण्यांवरील १९६५ चे पुस्तक चाळावे, आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने विनामूल्य खुल्या केलेल्या सम्राटकालीन नाण्यांच्या सूचीत त्या नाण्याची नोंद स्वतः शोधून पाहावी. नोंद सापडली नाही किंवा विक्रेत्याने पूर्वीची पावती दाखवली नाही, तर ते नाणे घेऊ नये.