पक्षाघातानंतरचे मौन

प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांचा हात सुधारला, पण ते उदास असतात, व्यायाम टाळतात. मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढताच "मी वेडा नाही" म्हणून संतापतात. काय करावे?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : आपल्या पित्याचे हे औदासीन्य म्हणजे हट्ट नव्हे; पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ग्रासणारा विषाद मेंदूची इजा आणि परावलंबनाचे शल्य या दोहोंतून उद्भवतो, आणि त्याची वेळीच दखल न घेतल्यास व्यायामाचाही उत्साह मावळतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 3127 रुग्णांवरील ब्रिटिश 'फोकस' चाचणीत फ्लुओक्झेटिन या विषादरोधी औषधाने विषाद घटला, परंतु हातापायांच्या सुधारणेत भर पडली नाही, उलट अस्थिभंग वाढले; सबब हे औषध सरसकट नव्हे, तर निदान करूनच द्यावे.

राहिला प्रश्न नकाराचा. मनोविकार म्हणताच नागपूरचे मनोरुग्णालय डोळ्यांपुढे येणाऱ्या पिढीशी हुज्जत घालण्यात हशील नाही (तशी ती कोणत्याच वडिलांशी घालण्यात नसते!), त्यापेक्षा पक्षाघाताचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच विषादाची तपासणी त्याच उपचाराचा भाग म्हणून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करवून घ्यावी. या औदासीन्यामागे वाचादोष नाही ना, हेही पाहावे. 'टेली-मानस' या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे; मात्र मरणाची भाषा निघाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.