भूक ठेवून उठायचं

रात्रीचे पावणेतीन. भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी हेडफोन चढवून एका किकमागे, म्हणजे तालातल्या त्या मूळ ‘धम्’मागे लागलो होतो. इक्वलायझरवर साठ हर्ट्झच्या आसपास जरा उचललं, आवाज भरदार झाला. अडीचशेला थोडं कापलं, गढूळपणा गेला. पुन्हा जरा उचललं, पुन्हा जरा कापलं. पाऊण तासाने खूश होऊन फाईल सेव्ह करायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की इक्वलायझर सुरूच नव्हता. बायपासचं बटण दाबलेलं. पाऊण तास मी ऐकलेला तो भरदारपणा, तो स्वच्छपणा, सगळा माझ्या डोक्यातच होता.

एरवी हसलो असतो. त्या रात्री रडू आलं.

लहानपणी तबला शिकलो होतो, पुढे एमपी नगरातल्या नोकरीत तो सुटला. अडतिसाव्या वर्षी लॅपटॉपवर संगीत करता येतं हे कळलं आणि मी पिसाटलो. वर्षभरात अल्बम काढायचा, असं ठरवून टाकलं. हप्त्यांवर एक महागडा ऑनलाइन कोर्स घेतला. ऑफिसातून आलो की जेवण कसंबसं उरकून खोलीत, ते दोन-तीनपर्यंत. आठ महिन्यांनी जमाखर्च मांडला: दोनशेच्या वर प्लगइन, म्हणजे लॅपटॉपमधली वाद्यं आणि अवजारं, एकाहत्तर प्रोजेक्ट आणि पूर्ण झालेलं गाणं एकही नाही. प्रत्येक फाईलमध्ये आठ-दहा सेकंदांचा एक लूप, गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत राहिलेला. वर कानात बारीक शिट्टी वाजू लागली, ती निजल्यावर जास्तच ऐकू यायची. गाडीत कुणी गाणं लावलं तर मला वैताग येई. बायको एकदा म्हणाली, “अहो, तुम्ही गाणी करता की गाण्यांशी भांडता?”

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, नुकसान फारसं नाही, पण महिनाभर हेडफोन बंद. मी तोंड पाडून घरी आलो. आई म्हणाली, “तबल्याचे गुरुजी तुला पाऊण तासाने उठवायचे, आठवतंय का? तू रडायचास, अजून वाजवू दे म्हणून. ते म्हणायचे, भूक ठेवून ऊठ, म्हणजे उद्या धावत येशील.”

आठ महिन्यांत हे एकदाही आठवलं नव्हतं. रियाजाला वेळ, ताल आणि गुरू असतात. लॅपटॉपला यातलं काही नसतं. तो ‘आता पुरे’ म्हणत नाही, म्हणून ते आपणच म्हणायला शिकावं लागतं.

त्या सक्तीच्या महिन्यात मी हाताने काही केलं नाही, नुसतं वाचलं आणि ऐकलं. कान थकतात हे आपल्याला फार उशिरा कळतं. थकलेल्या कानाला वरचे स्वर बोथट वाटतात, मग आपण ते वाढवतो, आवाजही वाढवतो आणि सकाळी तेच मिक्स कानात टोचतं. मोठ्या आवाजात आणखी एक फसवणूक आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज जसा वाढतो तसे खर्ज आणि तार दोन्ही कानाला अधिक ठसठशीत लागतात. म्हणजे मोठ्याने ऐकलेलं काहीही चांगलंच वाटतं. सुरक्षिततेचा हिशोब तर अगदी व्यवहारी आहे: ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. नव्वदला उरतात जेमतेम चार तास. मी ते एका रात्रीत संपवत होतो.

याच महिन्यात शास्त्रीय गायक कुमार गंधर्व वेगळ्या कानाने ऐकले. भोपाळहून देवास दीडशे किलोमीटर. क्षयाने गाठलेले कुमारजी १९४८ मध्ये तिथे राहायला आले आणि गाण्याला पूर्ण बंदी झाली. पुन्हा मैफल केली ती १९५३ च्या सुमारास. मधल्या वर्षांत माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्या लोकधुनांतून पुढे त्यांचे धुनउगम राग उभे राहिले. आजारपणाचं कौतुक करायचं कारण नाही, ती सक्तीची शांतता होती. पण न गाता नुसतं ऐकण्यातही संगीताचं काम चालू असतं, एवढं मी त्यातून उचललं. सकाळी बडा तालाबवर बोट क्लबकडे जाऊ लागलो. वल्ह्याचा चुबुक आवाज, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळतात तो पोकळ ठोका, चहाच्या टपरीवरचं ‘को खाँ, कैसे हो’, सगळं मोबाइलवर टिपलं. त्या होडीच्या ठोक्याइतका चांगला किक माझ्या दोनशे प्लगइनांत सापडला नव्हता.

महिना संपल्यावर पहिली शिस्त आमच्या गावाच्या नावाशी जुळणाऱ्या रागाकडून घेतली. भूप, ज्याला भोपालीही म्हणतात. सा रे ग प ध, बस. मध्यम, निषाद वर्ज्य. पाच स्वरांत पिढ्यान्‌पिढ्या रात्रीचा पहिला प्रहर भरून निघतो, मग मला दोनशे प्लगइन कशाला? पाच ठेवले, बाकी काढून टाकले. वर्षभर काही विकत घ्यायचं नाही, हेही त्यातच आलं.

नव्याने शिकणाऱ्यांना आता एवढंच सांगतो. आठवड्यातून चार दिवस बसा, पाऊण तास, गजर लावून. गजर झाला की रंगात आलेलं कामही तसंच सोडा. पुढचं पाऊल चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची याचा घोळ होत नाही. शेजारचा माणूस बोलला तर ऐकू येईल इतक्याच आवाजात काम करा. सुचण्याचा दिवस आणि मिक्सिंगचा दिवस वेगळा ठेवा. एकाच बैठकीत दोन्ही केलं की आपणच आपल्या गाण्याचे शत्रू होतो. एक व्हिडिओ पाहिला की त्यातलं एक तरी स्वतःच्या कामात वापरल्याशिवाय दुसरा उघडू नका. आणि काहीतरी पूर्ण करा, एक मिनिटाचं का असेना. सुरुवात, मध्य, शेवट असलेलं एक वेडंवाकडं मिनिट दहा देखण्या लूपांपेक्षा जास्त शिकवतं, कारण शेवट करणं हे वेगळं कसब आहे आणि ते शेवट केल्यानेच येतं. कर्ज काढून शिकू नका. हप्ता चालू असला की विश्रांतीचीही बोच लागते. कानात शिट्टी वाजू लागली किंवा आवडतं गाणं नकोसं झालं, तर थांबा. शिट्टी राहिली तर आधी डॉक्टर, मग सगळं.

वेग कमी झाला का? झाला. गेल्या दीड वर्षात सहा छोट्या रचना झाल्या, पैकी दोन मला खरोखर आवडतात. पहिल्या आठ महिन्यांतल्या शून्याशेजारी मांडून पाहिलं, की हा हिशोब मला झकास वाटतो.

काल तालाबाच्या आवाजांच्या रचनेवर काम करत बसलो होतो. होडीच्या ठोक्याला इक्वलायझर लावला. आधी बायपासचं बटण पाहिलं, मग नॉब फिरवला. खर्ज नुकता जागेवर येत होता आणि गजर झाला. हात क्षणभर तसाच राहिला. मग चिठ्ठीवर लिहिलं, ‘होडी, साठ हर्ट्झ, अजून जरा,’ आणि झाकण मिटलं. आई पलीकडून ओरडली, “झालं का रे?” म्हटलं, “नाही झालं. म्हणून तर उठलो.”