दुकानाची पायरी आणि अपंग ग्राहक

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील व्यापारी समाजाची दानशीलता सर्वश्रुत आहे. श्री. डी. आर. मेहता यांनी 1975 साली जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे कार्य आपणां सर्वांस अभिमानास्पद वाटते. जयपूर पायाच्या आधाराने लाखो माणसे चालू लागली. परंतु असा चालू लागलेला मनुष्य उद्या आपल्या दुकानासमोर आला, तर त्यास आत येता येईल काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. त्याचा विचार येथे दानाच्या नव्हे, तर व्यापाराच्या दृष्टीने करावयाचा आहे.

प्रथम हिशेब पाहू. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंगांची नोंद झाली. त्यांपैकी 13 लाखांहून अधिक कर्नाटकातील होत. प्रत्येकाच्या घरी चारच माणसे धरली, तरी ढोबळ मानाने दहा कोटींवर ग्राहक होतात. कारण लग्नाचा बस्ता एकटा मनुष्य बांधीत नाही. आजीस पायरी चढवत नसेल, तर सारे कुटुंबच पुढच्या दुकानी जाते. आणि गेलेले गिऱ्हाईक आपल्या खतावणीत कोठेच दिसत नाही.

आता पायरीकडे वळू. पावसाच्या पाण्यासाठी व गटारासाठी आपल्या गल्लीतील दुकानांची जोती उंच बांधलेली असतात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे सहा इंचांच्या पायरीस सहा फूट व दीड फुटाच्या जोत्यास अठरा फूट. एवढी जागा पेठेत मिळणे कठीण, आणि रस्ता अडविणे तर मुळीच योग्य नव्हे. तथापि जेथे एकच पायरी आहे तेथे उतार अवश्य करावा. मालाची ढकलगाडीही त्यावरून सुखाने जाईल. जेथे जोते उंच आहे तेथे भक्कम कठडा व खाली हाताशी घंटा ठेवावी, आणि नोकराने माल खाली नेऊन दाखवावा. कापडाच्या पेढीवर गादी-तक्क्याशेजारी दोन खुर्च्याही असाव्यात.

अंध ग्राहकाशी व्यवहार करताना नोटांकडे लक्ष द्यावे. नव्या मालिकेतील 100, 200 व 500 रुपयांच्या नोटा अनुक्रमे 142, 146 व 150 मिलिमीटर लांब आहेत. कडेच्या उंचावलेल्या रेघा शंभरावर चार, दोनशेवर चार व मध्ये दोन वर्तुळे, आणि पाचशेवर पाच असतात. परंतु जुन्या मालिकेतील शंभराची नोट 157 मिलिमीटर, म्हणजे नव्या पाचशेहूनही लांब आहे! म्हणून मोड देताना प्रत्येक नोट तोंडाने सांगूनच हाती द्यावी. वजनही वाचून दाखवावे. कर्णबधिर ग्राहकासाठी गल्ल्याजवळ कागद-पेन्सिल असावी व मालावर किंमत ठळक अंकांत लिहावी. आणि अपंग मनुष्य समोर असता त्याच्या सोबत्याशीच बोलण्याची जी सवय आपणांस जडली आहे, ती तर बिनखर्चाने सुटण्यासारखी आहे.

कायद्यानेही हे कर्तव्य सांगितले आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते; 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. या नव्या कायद्याने व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतींचाही समावेश सार्वजनिक इमारतींत केला आहे. भंगाबद्दल दंडाचीही तरतूद आहे. परंतु दंडाच्या भयाने केलेली सोय ग्राहकास ओळखू येते.

वार्धक्य कोणास चुकले आहे? आज आपण ज्या पायरीवरून गिऱ्हाइकास हाक मारतो, ती उद्या आपणांसही चढवणार नाही. म्हणून सभासद बंधु-भगिनींस एवढीच विनंती, की उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी क्षणभर रस्त्यावर उभे राहून आपल्याच पायरीकडे ग्राहकाच्या नजरेने पाहावे.