वधस्तंभाचे लाकूड आणि हत्तीनची लढाई
(शास्त्रपाठ : १ शमुवेल ४)

एली याजकाच्या दिवसांत इस्राएल लोकांनी कराराचा कोश शिलोहून रणांगणात आणिला. तरी त्यांचा मोड झाला व कोश पलिष्ट्यांनी नेला. तसेच पुढे ख्रिस्ती लोकांतही घडले.

इ. स. १०९९ त युरोपातील ख्रिस्ती सैन्याने यरुशलेम घेतले. तेथे सापडलेले एक लाकूड प्रभूच्या वधस्तंभाचा अंश होय असे मानून ते लढाईत पुढे नेऊ लागले. सन ११८७ च्या जुलैत ते सुलतान सलादीन याजवर निघाले. सफूरियाचे झरे सोडून निर्जल प्रदेशातून जाताना माणसे व घोडी तहानेने व्याकुळ झाली. ता. ४ रोजी हत्तीन येथे त्यांचा पूर्ण पराभव झाला. लाकूड वाहणारा आक्रे नगरचा बिशप पडला, लाकूड शत्रूने नेले, आणि २ ऑक्टोबरला यरुशलेमही गेले.

बंधुभगिनींनो, ज्याने वधस्तंभावरून वैऱ्यांसाठी प्रार्थना केली, त्याचाच वधस्तंभ वैऱ्यांस मारावयास पुढे करणे किती विपरीत! आपल्यांतही कोणी गळ्यातील क्रूस किंवा उशाखालचे शास्त्र ताइताप्रमाणे मानितात. आम्हांस वाटते की, वस्तू बाळगिल्याने देव बांधला जात नाही. आपला वधस्तंभ उचलून प्रभूमागे चालावे, हेच त्याला आवडते.