तीन मुले, तीन घरे

शास्त्रभाग : लूक 10:25-37, स्तोत्र 147:4



हिटलरच्या राजवटीत सुमारे 60 लाख यहुद्यांचा संहार झाला. त्यांत अंदाजे 15 लाख मुले होती. हा आकडा ऐकून वर्ग गप्प होतो, पण मुलांच्या डोळ्यांपुढे कोणी उभे राहत नाही. कादंबरीतील एखादे मूल मात्र उभे राहते. कोठीला जुनी पुस्तके चाळताना मला अशी तीन मुले भेटली.

1. ह्युगो. अनिता देसाई यांच्या 'बाउमगार्टनर्स बॉम्बे' (1988) मधील बर्लिनचा यहुदी मुलगा. पुढे तो हिंदुस्थानात येतो. आई मागे राहते आणि तिची पत्रे थांबतात. परंतु परकेपणा त्याला शाळेतल्या नाताळातच कळतो. सर्वांना भेटी मिळतात, त्याच्या नावाची भेट नसते. बाई झाडाच्या शेंड्यावरचा काचेचा गोळा देऊ करतात. तो घेत नाही.

2. ॲनमरी. लोइस लाउरी यांच्या 'नंबर द स्टार्स' (1989) मधील कोपनहेगनची दहा वर्षांची मुलगी. 1943 मध्ये जर्मन शिपाई रात्री घरात शिरतात, तेव्हा ती एलनच्या गळ्यातला दाविदाचा तारा तोडून मुठीत लपवते. आईवडील एलनला आपलीच मुलगी म्हणून दाखवतात. त्या वर्षी डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून अधिक यहुद्यांना होड्यांतून स्वीडनला पोहोचवले.

3. फ्रीडरिखचा मित्र. हान्स पेटर रिश्टर यांच्या 'फ्रीडरिख' (1961) मध्ये गोष्ट सांगणाऱ्या जर्मन मुलाचे नावच येत नाही. तो दुष्ट नाही. तरी 1938 मध्ये जमावाबरोबर तोही यहुद्यांच्या वसतिगृहात मोडतोड करतो. घरी येऊन शेजारच्या फ्रीडरिखचे घर उद्ध्वस्त होताना पाहतो, तेव्हा रडतो. 1942 मध्ये बॉम्बहल्ल्याच्या रात्री घरमालक फ्रीडरिखला तळघरात घेत नाही आणि तो दाराशीच मरतो.

ह्युगोची कणव येते, ॲनमरी व्हावेसे वाटते. तिसरा मुलगा कोणालाच नको असतो. पण त्यालाही मित्र प्रिय होता, आणि भीती ॲनमरीलाही वाटत होती. मग फरक कोठे? ॲनमरीच्या घरची वडील माणसे दार उघडीत होती. याचे वडील नोकरीसाठी पक्षात गेले होते. त्यांना हळहळ वाटे, पण ते जपून वागत. याजक व लेवी यांनाही कदाचित हळहळ वाटली असेल.

एका नाताळात आमच्या वर्गात शेजारचा एक मुलगा आला. यादीत त्याचे नाव नव्हते. मी घाईने एक उरलेले पाकीट पुढे केले. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. मी त्याचे नावही विचारले नव्हते. ॲनमरीच्या पुस्तकाचे नाव ज्या स्तोत्रातून आले, त्यातला देव ताऱ्यांनाही नावाने ओळखतो.

वर्गात विचारण्यासाठी :
1. ह्युगोला भेट मिळत असताना ती त्याने का नाकारली?
2. तिसऱ्या मुलाला कोणी, केव्हा थांबवायला हवे होते?
3. आपल्या गल्लीतील कोणत्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने प्रथम स्वतः द्यावे.