औषध कारखान्यातील संगणक : कुठे कसून तपासावा?

शंभर ठाणांची गाठ आली तर आम्ही प्रत्येक ठाण उलगडत नाही. मांजरपाटाची एक-दोन बघतो. महाग रंगीत माल असेल तर मात्र पन्हा मोजतो, तुकडा भिजवून रंग जातो का पाहतो. औषध कारखान्यांतील संगणकांची तपासणीही आता याच हिशेबाने करतात. वाटूर, परतूर, मंठा भागातील जी मुले वाळूजकडे नोकरी शोधतात, त्यांच्या पालकांनी हा विषय समजून घ्यावा.

औषधाचे वजन, मिश्रण, निर्जंतुकीकरण, लेबल, प्रयोगशाळेतील चाचणी, सर्वत्र संगणक आहे. पूर्वी प्रत्येक बटण दाबून पाहायचे आणि कागदांचे गठ्ठे रचायचे, अशी रीत होती. 2008 साली आलेल्या 'गॅम्प 5' या मार्गदर्शिकेने जोखमीनुसार तपासणीवर भर दिला. चूक झाल्यास रोग्याला किती इजा होईल? ती घडण्याचा संभव किती? आणि घडलीच तर माल बाहेर जाण्यापूर्वी लक्षात येईल काय?

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. लेबल तिरके लागले तर डोळ्यांना दिसते. पण इंजेक्शनच्या कुप्यांना 121 अंशांवर 15 मिनिटे वाफ द्यायची आणि मध्येच उष्णता उतरली, तर कुपी बाहेरून तशीच दिसते. हजारोंतून मोजक्याच कुप्या प्रयोगशाळेत जातात, त्यांत दोष सापडेलच असे नाही. म्हणून इथे मुद्दाम वाफ तोडतात, वीज घालवतात, तापमापकाची तार काढतात. यंत्र ओरडते का, तो घाणा अडवून ठेवते का, हे पाहतात. कॅन्टीनच्या हजेरीच्या संगणकासाठी एवढा खटाटोप कोण करील!

शिवाय तयार कपडा आणि मापाने शिवलेला कपडा यांत फरक असतोच. हजारो ठिकाणी चालणाऱ्या तयार सॉफ्टवेअरला तपासणी कमी, एकाच कारखान्यासाठी लिहिलेल्याला जास्त.

यंत्र बरोबर असूनही नोंद खोटी निघू शकते. मे 2013 मध्ये वोखार्टच्या वाळूज कारखान्याच्या मालाला अमेरिकेने आयातबंदी केली. जुलैमधील अमेरिकी औषध प्रशासनाच्या पत्रात, अधिकृत चाचणीआधी 'ट्रायल' चाचण्या केल्याचा आणि इंजेक्शनच्या सुमारे 75 घाण्यांच्या अनधिकृत नोंदी कचऱ्यात फाडलेल्या सापडल्याचा आक्षेप होता. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने यंत्र चालवता येते का, नको असलेला निकाल पुसता येतो का, पुसल्याची खूण राहते का, हेही तपासावे लागते. आमच्या वहीत खोडलेला आकडा दिसतो. संगणकात तो दिसावा अशी सोय करावी लागते.

भारत सरकारने डिसेंबर 2023 मध्ये सुधारलेल्या 'शेड्यूल एम'मध्ये संगणकीय प्रणालींची खात्री करण्याची अट आली. वर्षाला 250 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लहान कारखान्यांनाही सवलतीची मुदत 2025 अखेरपर्यंतच होती. आता त्यांनाही अशी तपासणी करणे भाग आहे, आणि बी. फार्म. झालेल्या किंवा संगणक शिकलेल्या मुलाला तिथे जागा आहे.