नांगर : शेतांतील आणि समुद्रांतील

वेवजीच्या शेतकऱ्यास नांगर म्हटलें म्हणजे बैल, जूं, फाळ आणि पावसानें मऊ झालेली जमीन आठवते. तेथून पश्चिमेस झाई, बोर्डी किंवा डहाणू येथील किनाऱ्यावर गेल्यास तोच शब्द निराळ्या वस्तूस लावलेला ऐकूं येतो. नाव जागीं धरून ठेवण्यासाठीं जें साधन समुद्रांत टाकतात, त्यासही नांगरच म्हणतात. ह्या दोन शब्दांचीं मुळें वेगळीं आहेत. शेतांतील नांगराचें नातें संस्कृत 'लांगल' शब्दाशीं, व नावेच्या नांगराचें फारशी 'लंगर' शब्दाशीं सांगतात. तरी एक नांगर समजला असतां दुसरा समजणें सोपें जातें, म्हणून ह्या पाठांत आम्ही दोहोंचा एकत्र विचार करणार आहों.

हा विषय रानाडोंगराकडील वाचकांस परका वाटूं नये. तलासरी व डहाणू ह्या तालुक्यांतील पुष्कळ तरुण पावसाळा संपला म्हणजे खलाशी होऊन गुजराथेंतील मच्छीमार बोटींवर कामास जातात. ज्याचें बाळपण शेतांत गेलें, त्याच्या हातीं एके रात्रीं नांगराचा दोर येतो, आणि बोटीवरील सर्वांचा जीव त्या दोरावर अवलंबून असतो.

नांगर जड असतो म्हणून नाव थांबते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. वारा व प्रवाह नावेस ज्या जोरानें ओढतात, त्यापुढें नुसतें वजन टिकत नाहीं. तें तळावरून घसरत जातें. नांगर धरतो तो मुख्यतः रुतल्यामुळें. हें प्राचीन दर्यावर्दी लोकांसही ठाऊक होतें. द्वारका, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग येथें समुद्राच्या तळाशीं जुने दगडी नांगर सांपडले आहेत. त्यांतील एका जातीच्या लांबट दगडास वर दोर ओंवण्यासाठीं एक वाटोळें भोंक, व खालीं दोन चौकोनी भोंकें असतात. चौकोनी भोंकांतून लांकडी दांडे घालीत, आणि ते तळांत रुतत. दगडाचा नांगर करणाऱ्यानेंही केवळ वजनावर भिस्त ठेविली नाहीं.

पुढें लोखंडी नांगर आला. त्यास मधला दांडा, खालीं दोन वांकडे हात, हातांच्या टोंकांस पात्यासारखीं नखें, आणि वर एक आडवा दांडा असतो. हा आडवा दांडा हातांशीं काटकोनांत बसविलेला असतो. नवख्यास तो निरुपयोगी वाटतो. परंतु दोर ओढला कीं तो तळावर सपाट बसूं पाहतो, आणि त्यामुळें एक नख खालीं वळून जमिनींत शिरतें. १९३३ सालीं इंग्लंडांत जेफ्री टेलर नांवाच्या शास्त्रज्ञानें शेतांतील नांगराच्या फाळासारखा फाळ लावून नावेचा नवा नांगर बनविला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठीं वजनानें हलका, पण घट्ट धरणारा नांगर हवा होता; ती गरज शेतकऱ्याच्या फाळानें भागविली.

परंतु उत्तम नांगरही आंखूड दोरानें व्यर्थ होतो. ह्याचा अनुभव खाचरांतच घेतां येईल. ओल्या चिखलांत कुदळ अशी ठेवा कीं, तिचा दांडा आपल्याकडे व टोंक जमिनींत राहील. दांड्याच्या शेवटास लांब दोर बांधा, आणि तो जमिनीलगत धरून दुरून ओढा. टोंक अधिकाधिक खोल शिरेल. आतां जवळ येऊन तोच दोर वर ओढा. कुदळ सहज निघून येईल. समुद्राच्या तळाशीं हेंच घडतें. ओढ आडवी असेल तर नांगर रुततो. ओढ उभी झाली कीं तो उपटतो. म्हणूनच नांगर उचलावयाचा असतां खलाशी नाव नेमकी त्याच्या डोक्यावर आणतात. नांगराच्या बाजूस दोराला कांहीं हात जड सांखळी जोडतात, तिचा हेतुही ओढ आडवी राहावी हाच. शिवाय खडकावर घासून दोर तुटण्याची भीति कमी होते.

तर दोर किती सोडावा? साधारण हवेंत खोलीच्या पांचपट ते सातपट, आणि वारा वाढल्यास त्याहून अधिक. खोली तळापासून नावेच्या पुढच्या टोंकापर्यंत धरावी. आमच्या किनाऱ्यावर भरतीचाही हिशेब करावा लागतो, कारण मुंबईहून उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसें भरतीओहोटींतील अंतर वाढत जातें. समजा, ओहोटीस पाणी ३ मीटर खोल आहे, आणि नावेचें टोंक पाण्यावर १ मीटर आहे. एकूण ४ मीटर झाले. सातपट म्हणजे २८ मीटर दोर सोडला. सुमारें सहा तासांनीं उधाणाचें पाणी ४ मीटर चढलें. आतां ४ चे ८ मीटर झाले, आणि तोच २८ मीटर दोर साडेतीनपट उरला. खलाशी निजलेले असतां नांगर असा सुटूं शकतो. ह्यास्तव भरतीचें पाणी धरून दोर मोजावा. ह्या उदाहरणांत तो ५६ मीटर होईल.

तळ कसा आहे तेंही पाहावें लागतें. वाळूंत व चिखलांत रुंद पात्यांचा नांगर चांगला धरतो. खडकाळ जागीं चार आंकड्यांचा नांगर कपारींत अडकतो. पण मग तो निघत नाहीं, म्हणून त्याच्या खालच्या बाजूस दुसरा बारीक दोर बांधून त्यावर बोया सोडतात.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत ह्याच विद्येचा प्रसंग आहे. पौलाच्या जहाजावरील खलाशांनीं रात्रीं पाण्याची खोली मोजली. ती प्रथम वीस वांव, मग पंधरा वांव भरली. किनारा जवळ आला व खडकाचें भय आहे हें त्यांनीं ओळखिलें, आणि जहाजाच्या मागील बाजूनें चार नांगर टाकून ते दिवस उजाडण्याची वाट पाहूं लागले. सकाळीं मात्र त्यांनीं ते नांगर तोडून समुद्रांत सोडून दिले, कारण आतां जहाज किनाऱ्यास लावावयाचें होतें. नांगर केव्हां टाकावा हें जसें कळलें पाहिजे, तसें तो केव्हां सोडावा हेंही कळलें पाहिजे.

नांगराच्या शक्तीस मर्यादा आहे, हें आम्हीं आमच्याच समुद्रावर पाहिलें. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळांत मुंबईच्या पश्चिमेस तेलविहिरींजवळ नांगरलेल्या 'पी-३०५' ह्या निवासी तराफ्याचे नांगर सुटले, आणि तो वाहत जाऊन बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. नौदलानें पुष्कळांस वांचविलें, तरी साठांहून अधिक जण प्राणांस मुकले. त्याच वादळांत 'गाल कन्स्ट्रक्टर' हा दुसरा तराफा वाहत येऊन पालघरच्या किनाऱ्यालगत रुतला. त्यावरील १३७ जणांची दुसऱ्या दिवशीं सुटका झाली. वादळाची सूचना मिळाली असतां नांगरावर विसंबून समुद्रांत राहूं नये, वेळींच बंदर गांठावें, हा धडा ह्या प्रसंगानें महाग किमतीनें शिकविला.

ज्या घरांतून मुलगा खलाशी होऊन जाणार आहे, तेथें उपदेशक बंधूंनीं अवश्य जावें. त्याच्यासाठीं प्रार्थना करावी, आणि त्याबरोबरच खाचरांत नेऊन कुदळीचा प्रयोग त्याच्याच हातून करवावा, व अठ्ठावीस आणि छप्पन्न मीटरांचा हिशेब त्यास समजावून द्यावा. बोटीवर पहिल्या रात्रीं हें सर्व सांगावयास कोणास सवड असेलच असें नाहीं.